दोनशे चाळीस दिवसांची शिल्लक

२९ जुलै १९९६ रोजी, सोमवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वडिलांच्या हातात अठरा दिवसांची रजा मंजूर झाल्याचा कागद पडला. त्यांनी बावीस दिवस मागितले होते. सोळा वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली मोठी रजा होती. गाडी नाशिकरोडहून सव्वासातला होती. आई आणि मी दुपारी तीनपासून नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या घरात सामान बांधून बसलो होतो. कागद मिळाल्याशिवाय निघायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं.

आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. निदान होऊन आठ महिने झाले होते. वडिलांच्या निवृत्तीला वीस महिने बाकी होते. आम्ही हिमालयातली फुलांची दरी पाहायला निघालो होतो. तिथे फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात.

वडील एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत मुख्य लिपिक होते. कार्यालयातल्या सगळ्यांच्या रजांचा हिशेब त्यांच्या टेबलावर होता. त्या वेळचा नियम असा होता: दर जानेवारीत आणि दर जुलैत प्रत्येकाच्या खात्यात पंधरा दिवसांची अर्जित रजा जमा होई. ती दोनशे चाळीस दिवसांपर्यंत साठवता येई. निवृत्तीच्या दिवशी जेवढी शिल्लक, तेवढ्या दिवसांचा पगार मिळे. दोनशे चाळीसच्या वर जमा होणारे दिवस बुडत. त्यापुढे वडील लाल शाईने ‘व्यपगत’ असं लिहीत.

१९७९ साली आजोबा आजारी पडले. वडिलांनी त्यांच्याजवळ राहून सगळी रजा, जानेवारीत नव्याने जमा झालेलीही, संपवली. १९८०च्या मे महिन्यात आजोबा गेले तेव्हा खात्यात एकही दिवस नव्हता आणि दहाव्या-तेराव्याचे दिवस बिनपगारी झाले. त्यानंतर त्यांनी रजेला हात लावला नाही. ताप आला तरी किरकोळ रजेतला एखादा दिवस घेत, दुसऱ्या दिवशी कामावर. १९८८च्या जानेवारीत दोनशे चाळीस पूर्ण झाले. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते, हे मला आठवतं. कशाचे ते आम्हाला सांगितलं नव्हतं.

घरात एक खाकी फाइल होती. वर लिहिलं होतं, ‘निवृत्तीनंतर’. आत एकेका विषयाला एकेक पान: घराचं कर्ज, गळती गच्ची, माझं लग्न, औषधपाणी. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘प्रवास. फुलांची दरी (सौ.ची इच्छा). ऑगस्ट १९९८.’

ही इच्छा १९८३ची. शाळेच्या सभागृहात कोणीतरी त्या दरीच्या पारदर्शिका दाखवल्या होत्या. आई ते पाहून आली आणि रात्री जेवताना म्हणाली, “एकदा जायचं.” वडील म्हणाले, “निवृत्त झालो की पहिलं तेच.”

आई मॅट्रिकपर्यंत शिकली होती. तिला झाडापानांचा नाद होता. अंजनेरी, रामशेज, ब्रह्मगिरी अशा जवळच्या डोंगरांवर ती एसटीने जायची, एकेक फांदी आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि वडिलांनी आणलेल्या जुन्या, कोऱ्या राहिलेल्या रजिस्टरांत चिकटवायची. खाली नाव, जागा, तारीख. मी वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर दाबायला न खपलेले अंक मीच पुरवू लागले. नाव ठाऊक नसलं की ती गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पेठ तालुक्याकडून रानभाजी घेऊन येणाऱ्या एका बाईकडे जायची. एकदा मी बरोबर होते. आईने एक जांभळी फांदी पुढे केली.

“ही खायाची नाय, बाय,” बाई म्हणाली. “नुसती बघायची.”

“बघायलाच आणलीय.”

“मंग नाव कशाला इचारतेस? बघ की फुकट. बघायचं पैसं मी घेत नाय.”

नाव मात्र तिने सांगितलं. १९९५पर्यंत अकरा रजिस्टरं भरली होती.

त्या वर्षी नोव्हेंबरात द्वारकेचा चौक ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा आईला अगदी घासून थांबली. रिक्षावाला ओरडला, “ओ मावशी, दिसत नाही का?”

आई म्हणाली, “नाही.”

डॉक्टरांनी दोन कागद समोर ठेवले. प्रत्येकावर एक वर्तुळ, आणि त्याची कड काळी झालेली. “समोरचं दिसतंय,” ते म्हणाले. “कडेचं जातंय. गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे आणि राहिलंय ते टिकवायचं.”

वडिलांनी विचारलं, “ऑगस्ट अठ्ठ्याण्णवपर्यंत?”

“ऑगस्टच का?”

आई म्हणाली, “फुलं तेव्हा येतात.”

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. डोंगरातली वाट किती, उतार कसा, घोडी असतात का. मग म्हणाले, “फूल हातात धरून बघायला डोळा पुरेल कदाचित. वाट चालायला पायाखालचं आणि बाजूचं दिसावं लागतं. त्याची दोन वर्षांची हमी मी देत नाही. पाच महिन्यांनी या.”

एप्रिल १९९६मध्ये पुन्हा तपासणी झाली. डाव्या डोळ्याच्या वर्तुळात खालची काळी कड वर सरकली होती.

घरी येऊन आई म्हणाली, “यंदा जाऊ या.”

वडील म्हणाले, “वीस दिवस लागतील. शिल्लक मोडेल.”

“मोडू दे.”

“अगं, शेवटच्या दोन वर्षांत कोणी मोडतं का?”

वाद त्या दिवशी तिथेच थांबला. दोन दिवसांनी, रविवारी, वडील रजेच्या खात्याचा स्वतःचा उतारा घेऊन बसले होते. मी शेजारी जाऊन तो वाचला. जुलै १९८८पासून जानेवारी १९९६पर्यंत सोळा ओळी एकसारख्या होत्या.

“बाबा, हे सोळा वेळा काय लिहिलंय?”

“व्यपगत.”

“म्हणजे?”

“बुडाले.”

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “किती बुडाले?”

सोळा गुणिले पंधरा. मी आकडा मोठ्याने सांगितला. दोनशे चाळीस.

आई हात पुसत बाहेर आली. “म्हणजे दर वर्षी महिनाभर आपण कुठेही गेलो असतो, तरी तुमची शिल्लक तेवढीच राहिली असती?”

“तसं म्हटलं तर हो.”

“तसं न म्हटलं तर?”

वडिलांनी खुलासा केला. मर्यादा तीनशे दिवसांवर जाणार होती. संघटनेने मागणी लावून धरली होती. मर्यादा वाढली की मागे बुडालेले दिवस धरतील, असं कार्यालयात सगळेच म्हणत होते. म्हणून त्यांनी ते वापरले नव्हते. वापरले असते तर धरायला राहिलेच नसते.

मी विचारलं, “याचा कागद आहे?”

लेखी आदेशाशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला एक दिवस दिला नव्हता. त्यांनी उताऱ्याची घडी घातली. “नाही,” ते म्हणाले.

आई तीन दिवस कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी सकाळी तिने खाकी फाइल काढली, शेवटचं पान सोडवलं आणि सगळ्यात वर लावलं. फाइल वडिलांच्या डब्याच्या पिशवीशेजारी ठेवली. “आता क्रमाने घ्या,” म्हणाली.

मेपासून सराव सुरू झाला. सकाळी सहाला आम्ही पांडवलेण्यांच्या पायऱ्यांशी पोचत असू. आईला समोरचा हातभर पट्टा दिसायचा. त्याच्या डावी-उजवीकडे काही नाही. वडिलांनी खांद्यावर पांढरा पंचा टाकायचा आणि तिच्या दोन पायऱ्या पुढे चालायचं. तिने पंचावर नजर ठेवायची. ते मागे न बघता सांगायचे: “पायरी.” “मोकळं.” “थांब.” पहिल्या आठवड्यात ती दोनदा पडली. गुडघा फुटला. जूनअखेर ती न अडखळता वर जाऊन खाली येऊ लागली. उतरताना जास्त वेळ लागायचा.

वडिलांनी ३ जुलैला अर्ज दिला. पुढचं मी पाहिलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं आहे. साहेब म्हणाले, “अहो, तुम्हीच रजेवर गेलात तर आमच्या रजा कोण बघणार?” शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “भाऊसाहेब, या वयात हनिमून का?” सगळे हसले. अर्ज सव्वीस दिवस साहेबांच्या टेबलावर राहिला. वडील रोज संध्याकाळी घरी येऊन एवढंच सांगत, “आज सही नाही.” तिकिटं काढून झाली होती. आई विचारायची, “सही नाही झाली तर?” ते म्हणायचे, “तर नाही.” ते असं म्हणाले की ती उठून थेंब घालायला जायची.

सही २९ तारखेला झाली, चार दिवस कापून. कामावर हजर व्हायची तारीख १७ ऑगस्ट. वडिलांनी कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. आम्ही सहा पन्नासला फलाटावर पोचलो.

दिल्ली, हरिद्वार आणि तिथून बस. २ ऑगस्टला चमोलीच्या अलीकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला. एका धर्मशाळेत आम्ही सहा दिवस काढले. वडिलांकडे खिशात मावेल अशी डायरी होती. रोज सकाळी ते परतीचे दिवस मागून मोजत. सोळाला घरी पोचायचं तर बाराला डोंगर उतरायला हवा. म्हणजे अकराला दरी. म्हणजे दहाला वर. आठला रस्ता उघडला. नऊला आम्ही डोंगराच्या पायथ्याला, गोविंदघाटला होतो. मोकळा म्हणावा असा एकही दिवस उरला नव्हता.

दहा तारखेची चाल चौदा किलोमीटरची होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी. आईने घोड्यावर बसायला नकार दिला. “ते कडेने चालतं. मला कड दिसत नाही, त्याला दिसते का ते मला ठाऊक नाही.” क्रम ठरलेला होता: पुढे वडील, मध्ये आई, दरीच्या बाजूला मी. पाऊस बारीक पण अखंड होता. दगड ओले होते. वडिलांचा आवाज साडेआठ तास थांबला नाही.

दुपारी बाराच्या सुमारास वळणावरून खेचरं उतरली. वडील ओरडले, “थांब. डोंगराला टेक.” आई वळली, पण डोंगर कुठल्या हाताला ते तिला क्षणभर कळलं नाही. तिने एक पाऊल माझ्याकडे टाकलं. मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. पहिल्या खेचरावरची गोणी तिच्या खांद्याला घासून गेली. हातातली काठी सुटली. ती दगडांवर आपटत गेल्याचा आवाज आला, मग नदीचाच आवाज राहिला.

वडिलांनी पंचा झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. “मोकळं,” ते म्हणाले.

साडेचारला दरीच्या अलीकडच्या मुक्कामाला, घांघरियाला पोचलो आणि गुरुद्वारात उतरलो. अकराला सकाळी सहाला दरीच्या वाटेवरच्या चौकीवर गेलो. पहारेकऱ्याने हात आडवा केला. वरचा लाकडी पूल पहाटे वाहून गेला होता.

वडिलांनी विचारलं, “कब बनेगा?”

“पानी उतरेगा, तब.”

“आज?”

“देखेंगे.”

दहा वाजता तेच उत्तर मिळालं. दोन वाजताही. खोलीवर परतल्यावर वडिलांनी डायरी उघडली. “उद्या सकाळी उतरलो तर सोळाला घरी,” ते म्हणाले.

आई खाटेवर बसली होती. “तुम्ही उतरा. मी हिला घेऊन थांबते.”

“कामावर हजर झालो नाही तर विनापरवानगी गैरहजेरी लागते. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तकात तशी नोंद गेली तर निवृत्तिवेतनाचे कागद अडतात. मी लोकांचे अडलेले पाहिलेत.”

“म्हणूनच म्हणते, तुम्ही उतरा.”

“आणि तुझ्यापुढे कोण चालणार?”

वडिलांनी माझ्याकडे कागद मागितला. गुडघ्यावर डायरी ठेवून त्यावर लिहिलं: ‘विषय: रजा तीन दिवस वाढवून मिळण्याबाबत.’ कारणाच्या जागी ‘कौटुंबिक’ लिहिलं, ते खोडलं आणि लिहिलं, ‘पूल वाहून गेल्यामुळे’. तीनच दिवस का, हे मी विचारलं. त्याहून जास्त मागायची हिंमत नाही, असं ते म्हणाले. खाली उतरणाऱ्या एका सरदारजींना त्यांनी पाकीट दिलं आणि जोशीमठला टपालात टाकायची विनंती केली. सरदारजींनी विचारलं, “जवाब कहाँ आएगा?”

“जवाब के लिए रुकेंगे नहीं,” वडील म्हणाले.

बारा आणि तेरा तारखेला पाऊस होता. आम्ही दिवसातून तीनदा चौकीवर जात होतो. आता शेवटचा दिवस चौदा होता. पंधराला उतरायचंच होतं. तेराला संध्याकाळी पहारेकरी म्हणाला, “ओंडके टाकलेत, सकाळी बघू,” अशा अर्थाचं काहीतरी, त्याच्या हिंदीत. वडिलांनी त्याला दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं.

चौदाला सकाळी सात वाजता त्याने आडवा बांबू उचलला. “फूल तोड़ना मना है,” तो आईला म्हणाला.

“सिर्फ देखना है,” आई म्हणाली.

पूल म्हणजे तीन ओंडके आणि त्यांवर माती. लांबी सुमारे वीस पावलं. कठडा नव्हता. खाली पाणी पांढरं होतं, आणि पंचाही पांढरा; वडिलांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पंचा काढून माझी लाल ओढणी खांद्यावर टाकली. ते ओंडक्यांवर उलटे, आईकडे तोंड करून चालू लागले. मी मागून तिच्या कमरेला धरलं होतं. “डावा. उजवा. डावा. नाही, अजून पुढे. उजवा.” अर्ध्यावर आई थांबली.

“काय झालं?” वडिलांनी विचारलं.

“तुम्ही उलटे चालताय. तुम्हाला कोण सांगतंय?”

“कोणी नाही. चल.”

पलीकडे पोचल्यावर वडील जमिनीवर बसले आणि पाच मिनिटं उठले नाहीत.

दरीत धुकं होतं. ते नऊच्या सुमारास उठलं. समोरचा उतार नदीपर्यंत फुलांचा होता: गुलाबी, पिवळा, मध्येच निळा. मी आईला विचारलं, “किती लांबपर्यंत आहे, सांगू?”

“नको,” ती म्हणाली. “आधी हे.”

ती वाटेच्या कडेला बसली. भिंग काढलं आणि एका फुलाशी वाकली. पाकळ्या मोजल्या, पानाची कड पाहिली, वहीत लिहिलं. मग शेजारचं. चार तासांत ती सुमारे साठ पावलं पुढे सरकली. वडील तिच्यावर छत्री धरून उभे होते. तिने एकतीस फुलांची वर्णनं लिहिली. त्यांपैकी सहांचीच नावं तिला ठाऊक होती. एक वाजता वडील म्हणाले, “निघायला हवं.” ती म्हणाली, “हे एक.” असं ती तीनदा म्हणाली.

आम्ही १९ ऑगस्टला नाशिकला पोचलो. वडील २० तारखेला कामावर हजर झाले. रजावाढीचा अर्ज कार्यालयात २४ तारखेला पोचला. पाकिटावर जोशीमठचा शिक्का होता. साहेबांनी खुलासा मागवला. वडिलांनी तो दिला. तीन दिवस असाधारण रजा म्हणून बिनपगारी झाले आणि तशी नोंद सेवापुस्तकात झाली. ती नोंद वडिलांनी स्वतःच्या हाताने केली. टेबल त्यांचंच होतं.

अठरा दिवस वजा होऊन शिल्लक दोनशे बावीस राहिली होती. १९९७च्या जानेवारीत दोनशे सदतीस झाली. जुलैत पुन्हा दोनशे चाळीस झाली आणि बारा दिवस बुडाले. ३१ मार्च १९९८ला वडील निवृत्त झाले. निवृत्तिवेतनाचे कागद अडले नाहीत. रजा साठवण्याची मर्यादा त्यानंतर काही वर्षांनी तीनशेवर गेली. मागचे दिवस वडिलांचे धरले गेले नाहीत.

बाराव्या रजिस्टरात एकतीस पानं आहेत. त्यांवर काही चिकटवलेलं नाही. वर्णनं आहेत आणि खाली तारीख, १४ ऑगस्ट १९९६. पुढच्या दोन वर्षांत पुस्तकं चाळून आईने त्यांतली एकोणीस नावं भरली. बाकीच्या सहा पानांवर नावाची जागा कोरी आहे.

आईचा डावा डोळा २००१मध्ये गेला, उजवा २००४मध्ये. २००५च्या श्रावणात ती आणि वडील एसटीने अंजनेरीला गेले. मी बरोबर होते. पहिल्या पठारापर्यंत ती चढली. वडील पुढे होते. पंचाचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं तिच्या.